दाराकडचा कोपरा

मित्रांनो, मुठीत मावेल एवढा एक जुना वेबकॅमेरा तुमच्याशी बोलतो आहे. पौड रस्त्यावर, कासार आंबोलीच्या फाट्याजवळ एक अध्यापक विद्यालय आहे. तिथल्या लोखंडी कपाटात, तक्त्यांच्या गुंडाळ्यांमागे माझा मुक्काम आहे. पडद्याला अडकवायची माझी चिमटी मोडली आहे आणि काचेवर धूळ बसली आहे. मला आता कोणी संगणकाला जोडत नाही. जोडलं नाही म्हणजे मला दिसायला नको आणि ऐकूही यायला नको. तरी मला ऐकू येतं. एका लहान मुलीचा आवाज येतो, नेहमी जरा उशिरा, बाकीचे सगळे बोलून झाल्यावर. तो माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आम्ही तासाला शेकड्यांनी जन्मत होतो, कोण कोणाची आठवण ठेवणार? २००५ साली शैलेश सरांनी मला पुण्यातून विकत घेतलं आणि सॅकमध्ये घालून, मोटारसायकलवरून भूगाव, पिरंगुट करत इथं आणलं. शैलेश सर लातूरकडचे. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीतून बोलावणं येईल म्हणून या बाजूला आले. बोलावणं येईपर्यंत काहीतरी करावं म्हणून विद्यालयात संगणक शिकवू लागले आणि इथंच रमले. मला संगणकाच्या माथ्यावर बसवलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले होते.

अध्यापक विद्यालय म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. शिक्षकांना शिकवणाऱ्या माणसांना तिथं अध्यापकाचार्य म्हणतात. नाव केवढं मोठं! पण एवढ्या मोठ्या नावाची माणसं माझ्यासमोर आली की कशी होत, ते मी पाहिलं आहे. माझ्यामार्फत लांबच्या अभ्यासकेंद्रांना इथूनच व्याख्यानं दिली जात. प्राचार्या कल्पना मॅडम वर्गात हसतखेळत शिकवत, पण माझ्यासमोर बसल्या की पदर सारखा करून बातम्या दिल्यासारखं बोलत. मानसशास्त्राचे विठ्ठलराव सर वहीतली टिपणं वाचत आणि तासभर मान वर करत नसत. मला त्यांचं टक्कल तेवढं पाठ आहे. मी कोणाला आरसा वाटत होतो, कोणाला साहेब. माणूस मला कोणीच समजत नव्हतं, आणि त्यात चूक तरी काय म्हणायची?

नरहरी सर मात्र माझ्यासमोर आलेच नाहीत. ते मुळशीचेच, घरी भातशेती. तीस वर्षं ते एकच काम करत आले होते. शिकाऊ शिक्षक शाळेत सराव पाठ घेतो, तेव्हा मागे बसून तो पाहायचा. पण त्यांची पाहण्याची तऱ्हा वेगळी होती. ते शिक्षकाकडे बघतच नसत. मुलांच्या पाठींकडे बघत. कोणती पाठ ताठ झाली, कोणती वाकली, कोणाचा पाय हलायला लागला, एवढंच त्यांच्या वहीत असे. पाठ संपला की ते शिकाऊ शिक्षकाला विचारत, "तिसऱ्या रांगेतला निळ्या सदऱ्याचा मुलगा कधी उठून गेला?" मुलगा तर जागेवरच बसलेला असे. मग सर सांगत, "तो दहाव्या मिनिटाला गेला. तुम्हाला कळलंच नाही."

२००८ साली विद्यालयावर नवं काम आलं. डोंगरातल्या लहान वस्त्यांवर ज्या वस्तीशाळा होत्या, तिथले निमशिक्षक शिकवत होते खरे, पण त्यांच्याकडे पदविका नव्हती. त्यांना आता घरबसल्या, संगणकावरून पदविका द्यायची होती. ती मिळाली तर ते कायम होणार होते, नाही मिळाली तर घरी बसणार होते. त्यांचे सराव पाठसुद्धा माझ्यासारख्या कॅमेऱ्यातून बघायचे असं ठरलं. त्या बैठकीला मी टेबलावरच होतो.

"पाठ बघायला आपण जायचं असतं," नरहरी सर म्हणाले. "पाठ आपल्याकडे येत नसतो."

कल्पना मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, इथून एसटीनं धरण, लाँचनं पलीकडे, मग तासाची चढण. एका पाठाला एक दिवस. असे चाळीस जण आणि प्रत्येकाचे पाच पाठ. वर्षात तेवढे दिवस तरी आहेत का आपल्याकडे? मागच्या वेळी आपण न बघताच सह्या केल्या होत्या, विसरलात?"

"विसरलो नाही, म्हणून तर बोलतोय. न बघता सही केली की निदान आपल्याला माहीत असतं, आपण बघितलं नाही. या डबीत बघितल्यावर तेवढंही कळायचं नाही."

डबी म्हणजे मी. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. ठराव मॅडमच्या बाजूनं झाला. नरहरी सरांनी सांगितलं, की हजर राहीन, पण पडद्याकडे बघणार नाही. आणि खरंच, मी तिथं होतो तोवर दुसऱ्या वस्त्यांवरचे पाठ सुरू झाले की ते खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करून बसत. शैलेश सर गालात हसत. मीही मनात हसत होतो.

मला एका लॅपटॉपबरोबर धरणापलीकडच्या वरच्या हेदवस्तीवर पाठवलं. पत्र्याची एक खोली, चौदा मुलं आणि रत्नाबाई. रत्नाबाई खालच्या गावच्या, सात वर्षं रोज चढून वर येत होत्या. वस्तीवर वीज नव्हती. लॅपटॉप खालच्या गावात चार्ज करून, पाटीत घालून, वर गोधडीचा तुकडा टाकून त्या तो डोक्यावरून आणत. पाटीत त्यांची भाकरी आणि मी शेजारी शेजारी असायचो. चढताना त्या पाठाचं टाचण स्वतःशीच म्हणत. आपण कायम झालो तर शाळा टिकेल, नाहीतर वस्तीवर दुसरं कोण येतंय, ही एकच धास्ती त्यांच्या मनात होती. त्या ती मुलांसमोर बोलून दाखवत नसत.

खोलीत एकाच ठिकाणी रेंज यायची, दाराच्या भिंतीतल्या खिडकीपाशी. म्हणून टेबल तिथंच मांडलं. मला फळा दिसे, बाई दिसत, मुलं दिसत. फक्त दाराकडचा कोपरा माझ्या अगदी बगलेला यायचा. तो मला दिसत नसे. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पहिला पाठ परिसर अभ्यासाचा होता. धरणातलं पाणी कुठं जातं, असं रत्नाबाईंनी विचारलं. दोघातिघांनी हात वर करून "पुण्याला" असं ठोकून दिलं. मग बाईंनी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला उठवलं. तिचं नाव ठकू. धनगराची पोर, आठेक वर्षांची. केसांना लाल दोरा बांधलेला. ती उभी राहिली आणि वर पत्र्याच्या वाशाकडे बघायला लागली. ओठ किंचित हलत होते, बाकी सगळी स्थिर. तिला काही विचारलं की ती अशीच आत उतरायची आणि हाताला लागेल ते घेऊन वर यायची. रत्नाबाईंना ते ठाऊक होतं. त्या थांबल्या होत्या. मुलंही थांबली होती.

तिकडे विद्यालयात मात्र घोटाळा झाला. पडद्यावरची मुलगी हलेना, आवाज येईना. लॅपटॉपमधून कल्पना मॅडमचा आवाज आला, "शैलेश, चित्र अडकलंय वाटतं. हॅलो? हॅलो, रत्नाबाई?" शैलेश सर म्हणाले, "नेटवर्क गेलं, मॅडम. तोडून परत लावतो." आणि त्यांनी संपर्क तोडला.

त्यानंतर ठकू बोलली. "बोगद्यातनं डोंगराच्या पोटात जातं. आन् कोकणात उतरतं. तिथं त्याची वीज होतीया. पर आमच्याकडं अजून खांब आलं न्हाईत."

ते मी ऐकलं, तेरा मुलांनी ऐकलं आणि रत्नाबाईंनी ऐकलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा संपर्क लागला तोवर पाठाची घडी मोडली होती. निरीक्षणाच्या तक्त्यात 'विद्यार्थ्यांचा तत्पर प्रतिसाद' असा एक रकाना असे. त्यात शेरा आला, प्रतिसाद नाही. रत्नाबाई काठावर पास झाल्या. अजून एक असा पाठ झाला तर संपलंच, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी त्यांनी ठकूचं बसायचं तरट उचललं आणि दाराकडच्या कोपऱ्यात टाकलं.

"ठकू, तू आज तितं बस. त्याला दिसायचं न्हाई तितं."

"म्या चुकले व्हय, बाई?"

"न्हाई गं. तू बस, एवढंच."

ठकू माझ्यासमोरून चालत गेली आणि माझ्या नजरेच्या कडेला जाऊन नाहीशी झाली. त्यानंतर मी तिला कधीच पाहिलं नाही.

पाठ झकास झाला. बारा शेळ्यांतल्या पाच रानात गेल्या, घरी किती राहिल्या? सगळी मुलं एका सुरात ओरडली, "सात!" बाईंनी फळ्यावर सात लिहिले आणि पुढच्या गणिताकडे वळल्या. तेव्हा कोपऱ्यातून हळू आवाज आला, "सात. पर करडं धरली न्हाईत." कोणी वळून बघितलं नाही. बाईंनी ऐकलं होतं. त्यांच्या हातातला खडू जरा थांबला, आणि मग पुन्हा चालू लागला.

तो पाठ मॅडमना इतका आवडला की त्याची फीत इतर केंद्रांना आदर्श पाठ म्हणून दाखवायची ठरली. "कॅमेऱ्यातून इतकं छान शिकवता येतं, हे आता कोणी नाकारू नये," असं त्या लॅपटॉपमधून म्हणाल्या. टोमणा कोणाला होता, ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं, आणि मी फुगलो.

तेव्हा नरहरी सरांचा आवाज आला. "करडांचं कोण बोललं?"

"कुठली करडं, सर?"

"सात म्हणून झाल्यावर कोणीतरी बोललं. उशिरा."

"तो इको आहे, सर," शैलेश सर म्हणाले. "पत्र्याची खोली आहे ना. आपलाच आवाज फिरून येतो."

"प्रतिध्वनीला करडं कशी सुचतील, शैलेश?"

रत्नाबाईंनी मान खाली घातली. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि नेहमीपेक्षा लवकर मुलांना सोडून दिलं.

तिसऱ्या पाठातही तो आवाज आला. सगळे पुढे गेल्यावर, मागे राहिलेल्या प्रश्नाशी एकटाच बोलणारा. तो आता बारीक झाला होता. चौथ्या पाठाला आलाच नाही. प्रश्न झाला, उत्तर झालं, मी वाट बघितली. काही नाही. मला भीती वाटली, मित्रांनो. मला मान नाही. बगलेला काय आहे ते मला बघता येत नव्हतं. तिथं कोणी गप्प बसलं आहे की तिथं कोणीच नाही, एवढं कळायलाही मला मार्ग नव्हता.

पाठ संपल्यावर लॅपटॉपमधून नरहरी सरांनी विचारलं, "बाई, आज तो आवाज नव्हता. का?"

रत्नाबाई म्हणाल्या, "रेंज न्हाई, सर." आणि लॅपटॉप मिटला. सात वर्षांत त्या मुलांसमोर पहिल्यांदा खोटं बोलल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी सर स्वतः वर आले. साठीला टेकलेला माणूस, धोतराचा सोगा ओला, दम लागलेला. ते खोलीत सगळ्यात मागे, जमिनीवर बसले. बाईंकडे त्यांनी बघितलंच नाही. मुलांच्या पाठी बघितल्या. मग दाराकडे बोट करून मुलांना विचारलं, "तिथं तरट कोणाचं आहे?"

"ठकूचं."

"मग ठकू कुठाय?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी एक पोरगी म्हणाली, "ती गेली. तिची आय रंभाबाई हिंजवडीला बांधकामावर गेली ना, तिच्यासंगं. ती हितं आजीपाशी ऱ्हानार व्हती. पर ती म्हनली, बाईंच्या पाठात म्या चालत न्हाई. मग आय म्हनली, चल तर, तान्ह्याला सांभाळ."

रत्नाबाई खाली बसल्या. मुलांसमोर, फळ्याखाली. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सरांना सगळं सांगितलं, पहिल्या पाठापासून, एक शब्द न लपवता. "पोर हुशार हाय, सर. लई हुशार. पर तिला वेळ लागतुया, आन् तुमच्याकडं वेळ दिसत न्हवता. म्या भ्याले. मला नापास करा."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साली पिरंगुटच्या बाजूच्या एका शाळेत मोठी तपासणी होती. आमच्या शिकाऊ शिक्षकांचे पाठ होते. मी चार पोरांना आदल्या दिवशी सांगितलं, उद्या येऊ नका. त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा तर कॅमेरा नव्हता, बाई. मी मागेच बसलेलो होतो." ते उठले. "चौघांतले दोघं परत आलेच नाहीत. मी तेव्हापासून पाठी मोजत बसतो. तुम्हाला नापास करायला मला तोंड नाही."

पाचवा पाठ आठवड्यानं होता, शेवटचा. त्या दिवशी रत्नाबाईंनी लॅपटॉप ठेवला आणि माझी चिमटी त्यावरून सोडवून मला हातात धरलं. त्यांनी मला फिरवलं. दाराकडचा कोपरा मी पहिल्यांदा पाहिला. भिंतीला ओल आली होती. खाली तरट होतं, आणि तरटाशेजारी जमिनीवर कोळशानं काढलेल्या शेळ्या होत्या. बारा. त्यांच्या पोटाखाली लहान लहान करडं होती, मी ती मोजली नाहीत.

"रत्नाबाई, कॅमेरा फिरलाय," कल्पना मॅडमचा आवाज आला. "आम्हाला फक्त दार दिसतंय."

"व्हय मॅडम. आज तेच बघा." आणि त्यांनी ठकूची हकिकत सांगितली. पहिल्या पाठाला चित्र अडकलं नव्हतं, पोर विचार करत होती, हेही सांगितलं. आपली नोकरी आपल्याच हातानं घालवतो आहोत, हे त्यांना माहीत होतं. तरी त्या थांबल्या नाहीत.

तिकडून काहीच येईना. मला वाटलं, रेंज गेली. पण माझ्यावरचा दिवा लागलेला होता, म्हणजे संपर्क चालू होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुढे शैलेश सर सांगत, की नरहरी सरांनी त्या दिवशी खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून बसले. पडद्यावर तरट सोडून काही नव्हतं. ते तेच बघत राहिले.

कल्पना मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पाठ घ्या, रत्नाबाई. आम्ही आहोत."

रत्नाबाई पास झाल्या. आदर्श पाठाची फीत मॅडमनी मागे घेतली आणि त्याचं कारण प्रत्येक केंद्राला स्वतःच्या सहीनं लिहून कळवलं. त्यासाठी लागणारं धैर्य कमी नसतं. निरीक्षणाच्या तक्त्यातला तो रकानाही त्यांनी खोडला. पण नरहरी सरांनी ऑनलाइन पाठ बंद करा असं म्हटलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. ते म्हणाले, "चाळीस वस्त्यांवर मी पोचणार नाही, हे मॅडमचं खरं आहे. प्रत्येक शिक्षकाचा एक पाठ जाऊन बघू. बाकीचे चार इथून बघा. पण आधी शिक्षकाला विचारा, आज तुमच्या खोलीत आम्हाला काय दिसत नाहीये?"

मी विद्यालयात परत आलो. २०१०च्या जूनमध्ये नवी तुकडी येण्याआधी बैठक झाली, तेव्हा मी पुन्हा टेबलावर होतो. नरहरी सर निवृत्त झाले होते, तरी मुद्दाम आले होते. उन्हाळाभर रविवारी ते आणि रत्नाबाई हिंजवडीला जात होते. उंच उंच इमारती, प्रत्येकीखाली पत्र्याच्या खोल्या, कोणाचं नाव कोणाला माहीत नाही. शेवटी एका बांधकामावरच्या पाळणाघरात ठकूचा पत्ता लागला. पण आठवड्याची चुकामूक झाली होती. इमारत पुरी झाली आणि माणसं पुढच्या कामावर गेली. कुठं, ते मुकादमालाही सांगता येईना.

पाळणाघर चालवणारी किमया नावाची मुलगी होती, शहरातली. तिला ठकू चांगली आठवत होती. ती सरांना म्हणाली, "काका, ती कायम दाराशी बसायची. मी किती वेळा म्हटलं, आत ये, पंख्याखाली बस. तर म्हणायची, मी आत बसले की ताईंचा पाठ बिघडतो."

हे सांगून सर खाली बसले. रत्नाबाई त्यांच्यासोबत आल्या होत्या, त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. कल्पना मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी सगळ्यांना बघत होतो. त्यानंतर मान फिरवता येणारा नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या शिक्षक होतील, काही शिक्षकांना शिकवतील. माझ्यासारखे डोळे तुमच्या हाती पुष्कळ येतील. त्यांना जपून वापरा, पुसून ठेवा, आणि अधूनमधून फिरवून बघा. आम्हाला आपणहून वळता येत नाही. एवढं एक मागणं आहे.

आणि दुसरं असं. ठकू आता दहा वर्षांची असेल. हिंजवडीला, उरवड्याला, पुण्यात किंवा आणखी कुठं, एखाद्या वर्गाच्या दाराशी केसांना लाल दोरा बांधलेली मुलगी बसलेली दिसली, तर तिला नावानं हाक मारा. तिला आत बसवा. काहीतरी विचारा, आणि थांबा. तिला जरा वेळ लागतो.